लेअर्स आणि काळं-पांढरं: डिजिटल चित्रं काढताना वारंवार विचारले जाणारे प्रश्न

टॅब्लेटवर चित्रं काढायला लागलेल्यांचे प्रश्न फिरून फिरून दोनच ठिकाणी येतात: लेअर्सचा गुंता आणि रंग चढवल्यावर बिघडणारं चित्र. माझ्या मते दुखणं एकच आहे. एका वेळी एकच गोष्ट ठरवायची सवय नसते, म्हणून रेषा, उजेड आणि रंग एकमेकांच्या पायात येतात. लेअर त्यांना वेगवेगळ्या जागी ठेवतो. आधी काळं-पांढरं काढलं की त्यांना क्रम मिळतो. खालची उत्तरं या समजुतीतून लिहिली आहेत. बटणांची नावं अ‍ॅपगणिक बदलतात, काम तेच असतं.

लेअर म्हणजे नेमकं काय?

काचेचे तक्ते एकावर एक रचलेत आणि प्रत्येकावर थोडं थोडं चित्र आहे, असं समजा. वरून पाहिलं की एकच चित्र दिसतं, पण एक तक्ता काढून घेतला तर बाकीच्यांना धक्का लागत नाही. ही कल्पना संगणकाची नाही. अ‍ॅनिमेशनवाल्यांनी १९१४ च्या सुमारास पात्रं सेल्युलॉइडच्या पारदर्शक पत्र्यांवर काढायला सुरुवात केली, कारण मागचं दृश्य दर चौकटीला नव्याने काढायचा कंटाळा आणि खर्च दोन्ही होतं. फोटोशॉपमध्ये लेअर्स आले १९९४ साली, तिसऱ्या आवृत्तीत. त्याआधी तिथे एकदा टेकवलेला रंग खालच्या चित्रात मुरून जायचा.

एका चित्राला किती लेअर्स असावेत?

नवा लेअर जोडण्याआधी स्वतःला विचारा: याबाबत माझं मन बदलण्याची शक्यता आहे का? असेल तर वेगळा लेअर, नसेल तर आहे त्यावरच काढा. पात्राच्या मागचं आकाश बदलेल, म्हणून ते वेगळं. सावलीचा गडदपणा बदलेल, म्हणून ती वेगळी. पण डाव्या भुवईसाठी एक आणि उजवीसाठी दुसरा लेअर हा नुसता घोळ आहे. भुवया एकत्रच बदलतात.

माझ्या साध्या चित्रात खालून वर असे थर असतात: पार्श्वभूमी, आकृतीचे सपाट आकार, सावली, उजेड, रेषा आणि सगळ्यात वर रंगाने थोडी डागडुजी. स्केच असतो, पण लपवलेला. म्हणजे सहा-सात. दोन माणसं आली की प्रत्येकाचा एक ग्रुप करतो. चाळीसच्या पुढे गेलो की हमखास कळतं, की मला काय काढायचंय तेच ठरलेलं नाही आणि मी नुसती पळवाट म्हणून थर वाढवतोय.

नावं मात्र द्या. ‘लेअर ४७ ची प्रत २’ मध्ये काय आहे हे तीन दिवसांनी तुम्हालाही सांगता येणार नाही. ‘केस’, ‘सावली’, ‘खिडकी’ एवढं पुरतं.

अ‍ॅप म्हणतं, आणखी लेअर जोडता येणार नाही. का?

मेमरी संपली म्हणून. हिशेब सोपा आहे. ३०० डीपीआयचा (म्हणजे इंचाला ३०० पिक्सेल) ए-फोर कॅनव्हास म्हणजे २४८० × ३५०८ पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलला लाल, हिरवा, निळा आणि पारदर्शकता असे चार बाइट. पूर्ण भरलेला एक लेअर साधारण ३५ एमबी, आणि असे २० झाले की ७०० एमबी. तोच कॅनव्हास ६०० डीपीआयला नेलात तर सगळं चौपट. प्रोक्रिएटसारखी अ‍ॅप्स कॅनव्हासचा आकार आणि यंत्राची मेमरी पाहून लेअर्सची मर्यादा आधीच ठरवून टाकतात.

उपाय दोनच. कॅनव्हास गरजेपुरता ठेवा किंवा जिथे मन आता बदलणार नाही असे लेअर्स मर्ज करा, म्हणजे एकात मिसळून टाका. फक्त पडद्यावर दाखवायच्या चित्राला ६०० डीपीआय लावणं म्हणजे नाकापेक्षा मोती जड.

दर वेळी चुकीच्याच लेअरवर काढलं जातं. काय करू?

हे सगळ्यांचं होतं. मी एकदा एका म्हाताऱ्याचा चेहरा सलग पाच तास रंगवला. शेवटी स्केच लपवावा म्हणून त्या लेअरच्या डोळ्याच्या चिन्हावर टिचकी मारली आणि चेहऱ्याचा डावा डोळा आणि सगळी दाढी गायब झाली. मधल्या वेळात कधीतरी स्केचच्याच लेअरवर रंगवत बसलो होतो. त्या दाढीतून निळ्या पेन्सिलच्या रेषा वेगळ्या काढणं म्हणजे भिजलेल्या कागदावरची शाई टिपण्यासारखं होतं. दाढी पुन्हा काढली, आणि खरं सांगायचं तर दुसरी बरी झाली. पण ती गोष्ट वेगळी.

तेव्हापासून स्केच झाला की त्या लेअरला कुलूप लावतो. कुलपाचं चिन्ह जवळपास प्रत्येक अ‍ॅपमध्ये असतं; मग त्यावर ब्रश चालतच नाही. क्लिप स्टुडिओमध्ये लेअरला ‘ड्राफ्ट’ अशी खूण करता येते, तो अंतिम चित्र निर्यात करताना वगळता येतो आणि रंग भरतानाही बाजूला ठेवता येतो. चूक लगेच लक्षात आली तर अनडू करण्यापेक्षा लॅसोने तो भाग निवडा, कट करा आणि योग्य लेअरवर पेस्ट करा. मेहनत वाचते.

कागदावरच्या पेन्सिल चित्रावर डिजिटल रंग कसा चढवायचा?

स्कॅन किंवा फोटो घ्या, लेव्हल्स (उजेड-अंधार ताणायची सोय) वापरून कागद पूर्ण पांढरा आणि रेषा पुरेशा काळ्या करा, तो लेअर वर ठेवून त्याचा मोड, म्हणजे खालच्या थरात मिसळण्याची पद्धत, मल्टिप्लाय करा आणि खालच्या लेअरवर रंगवा. पांढरा दिसेनासा होतो, रेषा राहतात. नव्वद टक्के वेळा एवढंच लागतं.

रेषांचा रंग बदलायचा असेल तर कागद खरोखर पारदर्शक करावा लागतो. क्रिटा आणि गिंपमध्ये त्यासाठी ‘कलर टू अल्फा’ आहे, क्लिप स्टुडिओमध्ये उजळपणाचं पारदर्शकतेत रूपांतर करायची आज्ञा आहे. जादूच्या कांडीने पांढरा निवडून डिलीट करू नका. पेन्सिलीच्या रेषेची कड करड्या पिक्सेलची असते, ती अर्धवट कापली जाते आणि प्रत्येक रेषेभोवती मळकट पांढरी किनार उरते.

मल्टिप्लाय, स्क्रीन, ओव्हरले हे नेमकं काय करतात?

मल्टिप्लाय नावाप्रमाणे गुणाकार करतो. काळ्याला ० आणि पांढऱ्याला १ मानून वरचा आणि खालचा आकडा गुणला जातो. ० ते २५५ च्या मापात, खाली २०० आणि वर १८० असेल तर उत्तर सुमारे १४१. पांढरा म्हणजे १, त्याने गुणून काही बदलत नाही, म्हणून मल्टिप्लायमध्ये पांढरा दिसत नाही. उत्तर कधीच मूळ आकड्यापेक्षा मोठं येत नाही, म्हणून हा मोड सावलीसाठी.

स्क्रीन त्याच्या बरोबर उलट: दोन्ही आकडे उलटे करून गुणतो आणि उत्तर पुन्हा उलटं करतो. काळा दिसेनासा होतो, चित्र फक्त उजळतं. धुकं, दिव्याचा झोत, पाण्यावरची चमक. ओव्हरले या दोघांचा संकर आहे, खाली गडद असेल तिथे मल्टिप्लाय, उजळ असेल तिथे स्क्रीन. त्यामुळे खाली पूर्ण काळा किंवा पूर्ण पांढरा असेल तिथे ओव्हरलेचा काहीही परिणाम होत नाही. ही गोष्ट पुढे रंग चढवताना लागणार आहे.

बाकीचे वीस-पंचवीस मोड मी क्वचित वापरतो. यादी वर-खाली सरकवत ‘काहीतरी छान’ दिसेपर्यंत थांबणं हा वेळ घालवायचा मार्ग आहे, चित्र काढायचा नाही.

सावलीसाठी मल्टिप्लायवर कुठला रंग घ्यावा?

नुसता करडा नको. करड्याने गुणलं की रंग गडद होतो पण त्याला दुसरं वातावरण मिळत नाही, आणि चेहरा धुरकटलेला दिसतो. फिकट जांभळा किंवा निळसर करडा घेऊन बघा. उजेड थंड असेल, म्हणजे ढगाळ दिवस किंवा पांढरा ट्यूबलाइट, तर सावलीत थोडी ऊब द्या.

अल्फा लॉक, क्लिपिंग मास्क आणि साधा मास्क यांत फरक काय? मी कुठला वापरू?

तिन्ही ‘रेषेबाहेर रंग जाऊ नये’ यासाठी असतात, म्हणून गोंधळ होतो. एखाद्या मुलीचा शर्ट रंगवतोय असं धरा.

अल्फा लॉक लावला की त्या लेअरवर जिथे आधीच रंग आहे तिथेच ब्रश उमटतो. शर्टचा सपाट आकार भरला, लॉक केला आणि त्यावरच सुरकुत्या काढल्या. झटपट होतं; प्रोक्रिएटमध्ये लेअरवर दोन बोटं उजवीकडे सरकवली की झालं. पण सुरकुत्या आणि मूळ रंग एकाच थरात गेले. उद्या शर्ट निळ्याचा हिरवा करायचा ठरला तर सुरकुत्यांसकट झगडावं लागेल.

क्लिपिंगमध्ये सुरकुत्या वरच्या वेगळ्या लेअरवर असतात, फक्त त्या खालच्या शर्टाच्या आकाराबाहेर दिसत नाहीत. खालचा रंग बदला, वरच्या सुरकुत्या तशाच राहतात. मी सावली आणि उजेडासाठी हेच वापरतो. क्रिटावाल्यांसाठी एक इशारा: तिथलं ‘इनहेरिट अल्फा’ फक्त लगतच्या लेअरला नाही, तर त्या ग्रुपमधल्या खालच्या सगळ्या लेअर्सना मिळून लागू होतं. ग्रुप न करता वापरलंत आणि खाली पूर्ण भरलेली पार्श्वभूमी असली, तर रंग सगळीकडे सांडतो आणि माणूस अ‍ॅपला शिव्या घालतो. आधी शर्टाचा ग्रुप करा.

मास्क हा लपवण्यासाठी असतो. त्यावर काळा फिरवला की लेअरचा तो भाग दिसेनासा होतो, पांढरा फिरवला की परत येतो, करड्याने अर्धवट दिसतो. खोडरबराऐवजी मास्क वापरायची सवय लागली की ‘मघाचं बरं होतं’ म्हणत हळहळायची वेळ येत नाही. पायाखालच्या धुक्यात विरघळणारा झगा मी नेहमी मास्कने काढतो, कारण तो किती विरघळवायचा हे मला पहिल्या फटक्यात कधीच कळत नाही.

रेषांचा रंग बदलायला मात्र अल्फा लॉकच. गालाजवळची काळी रेष तपकिरी केली की चेहरा लगेच मऊ दिसतो.

रंगीत चित्र काढायचंय, मग आधी काळं-पांढरं कशाला?

कारण डोळा आकार ओळखतो तो मुख्यतः उजेड-अंधाराच्या फरकावरून. चित्रकारांच्या बोलीत याला व्हॅल्यू म्हणतात: एखादा रंग काळ्या-पांढऱ्याच्या शिडीवर कितव्या पायरीवर आहे. मन्सेलच्या पद्धतीत ही शिडी ० ते १० अशी मोजतात. जुन्या युरोपीय चित्रकारांनीही फक्त करड्या छटांत चित्रं केली, त्याला ग्रिझाय म्हणतात. अनेकदा त्याच्यावर नंतर पातळ रंग चढवले जायचे. म्हणजे आपण लेअर्सवर करतो ते त्यांनी तेलरंगात केलेलं आहे.

आणि डोळा या बाबतीत सहज फसतो. एडवर्ड एडल्सन यांनी १९९५ साली केलेली बुद्धिबळाच्या पटाची आकृती तुम्ही पाहिली असेल. पटावर एका दंडगोलाची सावली पडली आहे. सावलीबाहेरचा एक काळा चौकोन आणि सावलीतला एक पांढरा चौकोन मुळात एकाच करड्या रंगाचे आहेत, तरी ते तसे दिसत नाहीत. माहीत असूनही दिसत नाहीत. चित्र काढताना हा घोळ आपण दर मिनिटाला करतो: सावलीतला पांढरा सदरा ‘पांढरा’ म्हणून फार उजळ रंगवतो. रंग बाजूला ठेवले की निदान एक चकवा कमी होतो.

किती छटा वापरायच्या? माझं काळं-पांढरं चित्र नेहमी धुरकट होतं.

मऊ ब्रशने सुरुवात केली असणार. मऊ ब्रश कडा पुसत जातो, सगळं मधल्या करड्यात येतं आणि धूर होतो. कडक कडेचा ब्रश घ्या, ऑपॅसिटी, म्हणजे अपारदर्शकता, पूर्ण ठेवा आणि तीनच छटा निवडा: एक गडद, एक मधली, एक उजळ. अंगठ्याच्या नखाएवढं चित्र त्या तिनात कळलं तर ते मोठं झाल्यावरही कळतं.

तारेवर बसलेला कावळा घ्या. कावळा काळा म्हणून थेट शून्याच्या काळ्याने भरला तर सावली कुठे काढणार? त्याच्याखाली पायरीच उरत नाही. ० ते २५५ च्या मापात मी आकाश २१५ वर ठेवतो, कावळ्याचं सावलीतलं पोट ३० वर, उन्हातली पाठ ७० वर, राखाडी मान ११० च्या आसपास आणि चोचीवरची एक बारीक चमक १५०. उन्हातली पाठही आकाशाच्या मानाने गडदच, म्हणून कावळा काळाच दिसतो, पण त्याला गोलाई येते. सावली आणि ऊन या दोन गटांमध्ये अंतर राखायचं, एवढंच सांभाळा. पोटातला सगळ्यात उजळ पिसाचा पट्टासुद्धा पाठीच्या सगळ्यात गडद भागापेक्षा गडद हवा. हे मोडलं की पक्षी चिखलातून उठल्यासारखा दिसतो.

मधूनमधून डोळे किलकिले करून बघा. फुकटचा फिल्टर आहे.

शुद्ध काळा आणि शुद्ध पांढरा वापरू नये म्हणतात. खरं का?

शाईच्या चित्रात तेच तर वापरायचं असतं. करड्या छटांच्या चित्रात ते शेवटासाठी राखून ठेवा: बुबुळातला ठिपका, धातूवरची चमक. ज्यावर नंतर रंग चढवायचाय तिथे ४० ते २२० च्या मध्ये राहा. कारण दोन प्रश्नांनंतर येतंय.

रंगीत चित्राची व्हॅल्यू तपासायला डीसॅच्युरेट करतो, म्हणजे रंग काढून टाकतो. बरोबर आहे ना?

बहुतेक वेळा नाही, आणि हे फार कमी जणांना ठाऊक असतं. फोटोशॉपच्या डीसॅच्युरेटमध्ये लाल, हिरवा, निळा या तिघांतला सगळ्यात मोठा आणि सगळ्यात लहान आकडा घेऊन त्यांची सरासरी काढली जाते. शुद्ध पिवळा असो की शुद्ध निळा, उत्तर एकच येतं: मधला करडा. प्रत्यक्षात पिवळा डोळ्यात भरतो आणि निळा अंधारात जातो, हे लहान मूलही सांगेल.

डोळा हिरव्याला सगळ्यात जास्त, लालला त्याखालोखाल आणि निळ्याला अगदी कमी उजेड मानतो. टीव्हीच्या जुन्या मानकात हे प्रमाण ०.२९९, ०.५८७ आणि ०.११४ असं धरलं आहे. यांत क्रम लाल, हिरवा, निळा असा. या हिशेबाने शुद्ध पिवळा २२६ च्या आसपास येतो आणि शुद्ध निळा २९ च्या. केवढी तफावत!

म्हणून सगळ्यात वर एक लेअर घ्या, काळ्याने भरा आणि त्याचा मोड ‘कलर’ करा. खालचं चित्र उजेडाप्रमाणे काळं-पांढरं दिसेल. तो लेअर लपवून ठेवा, हवा तेव्हा उघडा. क्रिटाच्या डीसॅच्युरेट फिल्टरमध्ये पद्धत निवडता येते, तिथे ल्युमिनॉसिटी निवडा.

करड्या चित्रावर रंग चढवले की सगळं मळकट आणि प्लास्टिकसारखं दिसतं. माझं कुठे चुकतं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, तेव्हा जरा सविस्तर. ‘आधी ग्रे, मग कलर मोडमध्ये रंग’ ही युक्ती अर्धीच सांगितली जाते.

पिवळा रेनकोट घातलेला मुलगा आहे. त्याच्या सावलीचा करडा ९० आहे. वर कलर मोडमध्ये शुद्ध पिवळा फिरवला. मोड खालचा उजेड तसाच ठेवतो, मग निकाल काय? साधारण १०२, १०२, ०. म्हणजे शेवाळी. रेनकोटच्या सावलीत शेवाळ धरलं. पिवळा हा रंग उजळ असतानाच पिवळा असतो. गडद पिवळा नावाची गोष्ट डोळ्याला हिरवट तपकिरी दिसते. खऱ्या पिवळ्या कापडाच्या सावलीत उजेड आजूबाजूने उसळून येतो, त्यामुळे ती नारिंगी-तपकिरीकडे झुकलेली दिसते. ते करड्या चित्राला माहीत नसतं आणि कलर मोडलाही नाही. ते तुम्हालाच ठरवावं लागतं.

दुसरं, सावलीपासून उजेडापर्यंत एकच रंग गेला की वस्तू प्लास्टिकची होते. तिसरं, करड्यात ० किंवा २५५ असेल तिथे कलर मोड काहीच करू शकत नाही, ओव्हरलेही नाही. म्हणून वर ४० ते २२० म्हटलं.

मी असं करतो. करड्या चित्रावर आधी ग्रेडियंट मॅप लावतो, म्हणजे प्रत्येक करड्या पायरीला एक रंग नेमून देतो: गडद टोकाला खोल जांभळट निळा, मध्ये विटकरी, उजळ टोकाला फिकट दुधी. त्याची ऑपॅसिटी ५० टक्क्यांच्या आसपास. यामुळे सावली थंड आणि उजेड उबदार, एवढा पाया एका झटक्यात पडतो. त्यावर कलर मोडच्या लेअरवर वस्तूंचे रंग, पण सावलीसाठी आणि उजेडासाठी वेगळे: रेनकोटच्या उजेडात पिवळा, सावलीत नारिंगी. मग एक सॉफ्ट लाइटचा (ओव्हरलेचाच सौम्य भाऊ) लेअर, त्यावर फक्त ऊन आणि सावली जिथे भेटतात त्या पट्ट्यात गडद, तजेलदार नारिंगी. कातडीवर याच पट्ट्यात लालसर फिरवला की जिवंतपणा येतो.

शेवटी नॉर्मल मोडचा एक साधा लेअर. आयड्रॉपरने चित्रातलेच रंग उचलायचे आणि त्यावर जाड, अपारदर्शक रंगवायचं. हा थर टाळून चालत नाही. खालचे मोड सत्तर टक्के काम करतात. उरलेलं हाताने झालं नाही तर चित्र रंगीत केलेल्या जुन्या फोटोसारखं राहतं.

मग थेट रंगातच काढू का?

काढा की. फुलं, सूर्यास्त, जिथे रंग हाच विषय आहे तिथे मीही थेट रंगातच काढतो आणि वरचा काळा तपासणी-लेअर अधूनमधून उघडतो.

फाइलच ग्रेस्केल मोडमध्ये उघडावी का?

नको. आरजीबीमध्येच, म्हणजे लाल-हिरवा-निळा या रंगीत मोडमध्येच, करडे रंग वापरा, नाहीतर रंग चढवायच्या वेळी मोड बदलावा लागतो. मऊ छटांचं मोठं आकाश असेल तर १६-बिट निवडा. ८-बिटमध्ये करड्याच्या फक्त २५६ पायऱ्या असतात आणि हळुवार उतारावर पट्टे दिसू लागतात.

फक्त काळ्या शाईचं चित्र काढायचं आहे, करडा अजिबात नाही. लेअर्सचा काही उपयोग?

भरपूर. स्केच, रेषा, काळे ठोकळे आणि हॅचिंग (जवळजवळ ओढलेल्या रेषांची छटा) असे चार लेअर्स मी ठेवतो, आणि त्यातला काळ्या ठोकळ्यांचा लेअर सगळ्यात महत्त्वाचा मानतो. नवशिके रेषा पूर्ण करतात, मग उरलेल्या जागेत थोडा थोडा काळा भरतात. उलट करा. स्केच छोटा करून, रेषांच्या खालच्या लेअरवर मोठे काळे भाग आधी भरा: केसांचा गोळा, टेबलाखालचा अंधार, कोटाची एक बाजू. नजर त्या काळ्यांवरून उड्या मारत फिरते. ती चित्राबाहेर जात असेल तर ठोकळे हलवा. अजून वेगळ्या लेअरवरच आहेत.

काळ्याला काळा भिडतो तिथे, म्हणजे काळ्या केसांमागे काळी भिंत असेल तर, मध्ये बारीक पांढरी फट सोडा किंवा भिंत पांढरी करा. डोक्यामागे उजेड कुठून आला असं कोणी विचारत नाही.

हॅचिंगच्या रेषा आकाराच्या वळणाने जाव्यात. दंडावर त्या बांगडीसारख्या वळतात, सपाट भिंतीवर सरळ. डिजिटलमध्ये एक मजा अशी, की हॅचिंग भसाभसा काढून मग मास्कवर ब्रशने त्यातून उजेड खोदता येतो. पांढरा रंग वर फासण्यापेक्षा हे स्वच्छ राहतं. रात्रीचं दृश्य असेल तर पूर्ण काळ्या लेअरने सुरुवात करून त्यातून पांढरं काढून बघा. दोन-तीन चित्रांत हात बसतो.

बकेटने रंग भरला की रेषेलगत पांढरी किनार राहते.

रेषेची कड गुळगुळीत दिसावी म्हणून तिथे अर्धपारदर्शक पिक्सेल असतात, आणि बकेट त्यांच्या अलीकडेच थांबतं. भरण रेषेच्या खालच्या लेअरवर करा, रेषेचा लेअर ‘रेफरन्स’ म्हणून ठेवा आणि भरलेलं क्षेत्र एक-दोन पिक्सेल वाढवायची सेटिंग चालू करा. प्रोक्रिएटमध्ये रंग टाकल्यावर बोट न उचलता उजवीकडे सरकवलं की थ्रेशोल्ड, म्हणजे रंग किती पसरू द्यायचा ती मर्यादा, वाढतो. जास्त सरकवलं तर अख्खं चित्र रंगतं, तेव्हा सावकाश.

ठिपक्यांचा स्क्रीनटोन लावला, पण चित्र छोटं केलं की विचित्र जाळी दिसते.

या जाळीला मोआरे म्हणतात. पूर्वी स्क्रीनटोनचे चिकट पत्रे यायचे, कटरने कापून कागदावर घासून बसवायचे. ठिपक्यांचा करडा हा शेवटी काळ्या-पांढऱ्याचाच खेळ. ६०० डीपीआयच्या पानावर इंचाला ६० ओळींचा टोन असेल तर प्रत्येक ठिपक्याच्या वाट्याला १० पिक्सेल येतात. चित्र एक चतुर्थांश केलं की ते अडीच होतात. अर्धा पिक्सेल नावाची गोष्ट नसते, म्हणून काही ठिपके दोनचे, काही तीनचे होतात आणि त्या असमानतेची जाळी दिसते.

म्हणून टोन शेवटच्या मापाला लावा. मूळ फाइलमध्ये साधा करडा लेअर ठेवा आणि ठिपके त्यातून अ‍ॅपला बनवू द्या. पडद्यासाठी छोटं करायचं तर ठिपके काढून करडाच ठेवणं उत्तम. दोन टोन एकमेकांवर ठेवताना ओळींची संख्या आणि कोन सारखा ठेवा, नाहीतर छोटं न करताही जाळी येते.

छापायला देताना काय बघू?

करड्या छटा असतील तर ३०० डीपीआय पुरतं. शुद्ध काळ्या रेषा असतील तर किमान ६००, जमलं तर १२००, कारण तिथे कड मऊ करायला करडा नसतो. रंगीत छपाईत काळ्या रेषा फक्त काळ्या शाईच्या, म्हणजे सीएमवायकेमध्ये (निळसर, किरमिजी, पिवळी, काळी या चार शायांच्या टक्क्यांत) ०, ०, ०, १०० ठेवा. आरजीबीचा काळा आपोआप बदलू दिला तर तो चारही शायांचा होतो आणि छपाईत शाई केसभर सरकली तरी रेषेला रंगीत सावली येते.

फाइल कशात साठवू? मर्ज कधी करू?

लेअर्ससकट मूळ फाइल अ‍ॅपच्या स्वतःच्या स्वरूपात किंवा पीएसडीमध्ये. जेपीजीत लेअर्स राहत नाहीत, शिवाय काळ्या रेषेभोवती बारीक कचरा जमतो, म्हणून रेषांची चित्रं पाठवताना पीएनजी. मर्ज करण्याआधी फाइलची प्रत काढून ठेवा. ‘आता काही बदलायचं नाही’ असं वाटण्याची वेळ आणि बदल सुचवणारा निरोप यांची गाठ हमखास पडते.

काही जण सगळं एकाच लेअरवर काढतात. त्यांना हे काही लागत नाही का?

त्यांचे निर्णय डोक्यात वेगळे झालेले असतात. तेलरंगातून आलेल्यांमध्ये हे जास्त दिसतं. मीही आठवड्यातून एखादं चित्र तसं काढतो: एक लेअर, तीन करडे, वीस मिनिटं, अनडू बंद. कप, चुरगळलेला कागद, स्वतःचा डावा हात, जे समोर असेल ते. हात सगळ्यात अवघड. अंगठ्याच्या बुडाशी असलेली सावली मी अजूनही जास्तच उजळ करतो.